न्यूटनच्या आधीचे न्यूटन

मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रांत न्यूटनची गोष्ट बहुधा एका ठरावीक वाक्याने सुरू होते : ‘न्यूटनचा जन्म एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला.’ त्यानंतर लगेच सफरचंदाचे झाड येते. या वाक्यातला ‘शेतकरी’ हा शब्द खरा आहे. ‘गरीब’ हा शब्द खरा नाही. आज आपण हे इतक्या खात्रीने कसे सांगू शकतो? पावणेचारशे वर्षांपूर्वी वारलेल्या, स्वतःची सहीसुद्धा करता न येणाऱ्या एका शेतकऱ्याकडे किती मेंढ्या होत्या, हे कळण्याचा मार्ग कोणता?

हा शेतकरी म्हणजे न्यूटनचे वडील. त्यांचेही नाव आयझॅक न्यूटनच. इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकनशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या ग्रँथम या बाजारगावाच्या दक्षिणेला सुमारे सात मैलांवर कोल्स्टरवर्थ हे गाव, आणि त्या गावाला लागून वूलस्थॉर्प ही वाडी. ऑक्टोबर १६४२च्या पहिल्या आठवड्यात हा शेतकरी तिथे वारला. वय अवघे ३६. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते आणि पत्नी गरोदर होती. मरणापूर्वी केलेल्या मृत्युपत्रावर सहीच्या जागी त्याने नुसती खूण केली आहे. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी जो मुलगा जन्माला आला, त्याने पुढे ‘प्रिन्सिपिया’ लिहिला.

थोर माणसाचे पूर्वज शोधणे हा एरवी जरा रिकामटेकडा उद्योग वाटतो. पुष्कळदा तो तसा असतोही. पण न्यूटनच्या बाबतीत या शोधातून एक गोष्ट नीट कळते : लिहिण्यावाचण्याशी पिढ्यान्पिढ्या संबंध नसलेल्या शेतकरी घरात अक्षर कोणत्या वाटेने शिरले. शिक्षकांना हा प्रश्न नवा नाही. फरक इतकाच, की इथे उत्तराचे बरेचसे पुरावे कागदावर शिल्लक आहेत.

प्रथम या कागदांविषयी. इंग्लंडमध्ये १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. त्यामुळे राजापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांची नावे एकाच प्रकारच्या वहीत येऊ लागली. दुसरा कागद मृत्युपत्राचा, आणि तिसरा त्याला जोडून येणाऱ्या मालमत्तेच्या यादीचा. माणूस वारला की गावातले दोन-चार जाणते शेजारी घरात यायचे, खोली-खोली फिरून भांडी, अंथरुणे, धान्य, जनावरे मोजायचे, प्रत्येकाची किंमत ठरवायचे आणि यादी धर्मखात्याच्या न्यायालयात दाखल व्हायची. जमीन या यादीत धरत नसत. फक्त जंगम वस्तू. चौथा कागद करवसुलीचा. आणि पाचवा मॅनरच्या न्यायालयाचा. मॅनर म्हणजे जमीनदारीचा एक लहान घटक : काही जमीन, त्यावरची कुळे, त्यांच्याकडून येणारे देणे आणि गावपातळीवरचे तंटे मिटवणारे छोटे न्यायालय.

यांपैकी एकही कागद इतिहासासाठी लिहिलेला नाही. कोणी कर वसूल करण्यासाठी लिहिला, कोणी वारसांची भांडणे टाळण्यासाठी. माझ्या मते त्यांच्या विश्वासार्हतेचे खरे कारण हेच आहे. मेंढ्यांची संख्या फुगवून सांगण्यात मोजणाऱ्या शेजाऱ्याचा काहीच फायदा नव्हता. लिंकनचे धर्मोपदेशक चार्ल्स विल्मर फॉस्टर यांनी असे कागद चाळून न्यूटन घराण्यावर १९२८ साली एक लेख प्रसिद्ध केला. पुढे रिचर्ड वेस्टफॉल या अमेरिकन इतिहासकाराने ‘नेव्हर अ‍ॅट रेस्ट’ हे न्यूटनचे मोठे चरित्र १९८० साली लिहिले, त्यातही या कागदांचा नेटका उपयोग केला आहे.

वाचकांनी इंग्रजी नाण्यांचे कोष्टक तेवढे लक्षात ठेवावे. तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स होत.

या घराण्यातला पहिला माणूस आपल्याला भेटतो तो १५२४ साली, करपत्रकात. आठव्या हेन्रीने फ्रान्सशी युद्ध मांडले होते आणि त्यासाठी पार्लमेंटने कर बसवला होता. कर जमिनीच्या उत्पन्नावर, मालावर किंवा मजुरीवर, यांपैकी ज्यातून जास्त वसूल होईल त्यावर. ग्रँथमच्या आग्नेयेला वेस्टबी नावाचे खेडे आहे. तिथल्या करदात्यांची संख्या विसाच्या थोडी वर होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अगदी किमान कर भरला, ४ पेन्स. वर्षाला एक पौंड मजुरी मिळवणाऱ्या गड्यालाही तेवढाच कर होता. या ४ पेन्स भरणाऱ्यांमध्ये एक नाव आहे : सायमन न्यूटन. त्याच गावातल्या एका धनाढ्याने १५ पौंडांहून अधिक कर भरला, म्हणजे सायमनच्या ९०० पटींहूनही जास्त. सायमनविषयी याहून फारसे काही हाती लागत नाही. त्याच्या आधीचे न्यूटन तर पूर्ण अंधारात आहेत. ४ पेन्स भरायची ऐपत आली म्हणून घराण्याचे नाव कागदावर उमटले, एवढे म्हणता येते.

वीस वर्षांनी, १५४४ साली, पुन्हा कर बसला. या वेळी वेस्टबीतून फक्त चार जणांना तो भरावा लागला आणि त्या चारांपैकी दोघे न्यूटन होते. दोघांचेही नाव जॉन. एक बहुधा सायमनचा मुलगा, दुसरा बहुधा नातू. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. त्याकडे पुढे वळू.

एका पिढीत तळातून गावातल्या पहिल्या चारांत हे कसे घडले असावे? एकट्या न्यूटन घराण्याच्या कष्टाने याचे उत्तर मिळत नाही. सोळावे शतक हे इंग्लंडमध्ये सतत महागाईचे शतक होते. लोकसंख्या वाढत होती, नाण्यांतली चांदी कमी केली जात होती आणि धान्याचे भाव शतकभरात अनेक पटींनी चढले. पण पुष्कळ शेतकऱ्यांचा खंड जुन्या वहिवाटीने ठरलेला, तो भावाबरोबर वाढत नव्हता. ज्याच्याकडे विकायला धान्य आणि लोकर होती आणि ज्याचा खंड जुनाच होता, त्याच्या हातात दरवर्षी थोडा जास्त पैसा उरत गेला. ज्याला बाजारातून धान्य विकत घ्यावे लागे तो मजूर मात्र याच काळात खाली गेला. त्यातच १५३६ ते १५४० या काळात हेन्रीने मठ मोडले आणि मठांच्या जमिनी बाजारात येऊ लागल्या. म्हणजे पैसा होता आणि त्याला लावायला जमीनही होती. वेस्टबीचे न्यूटन या लाटेच्या योग्य बाजूला उभे होते.

या जॉन न्यूटनांपैकी धाकट्याने १५६२ साली मृत्युपत्र केले. त्यात तो स्वतःला ‘हजबंडमन’ म्हणवतो. हा शब्द साध्या शेतकऱ्यासाठी वापरत. वीस-एकवीस वर्षांनी त्याच नावाचा त्याचा मुलगा वारला, तेव्हा कागदावर शब्द आला ‘योमन’. हा शब्द इंग्रजी समाजाच्या एका पायरीचे नाव आहे. स्वतःच्या मालकीची किंवा पक्क्या हक्काची चांगली जमीन असलेला, कोणाचीही चाकरी न करणारा, पण ‘जंटलमन’ या वर्गात न मोडणारा शेतकरी म्हणजे योमन. जंटलमन स्वतः नांगर धरत नाही. योमन धरतो किंवा निदान धरणाऱ्याच्या बाजूला उभा राहतो. या पायऱ्या कायद्याने काटेकोर आखलेल्या नव्हत्या. गावाने मान्य केले की माणूस योमन झाला.

वेस्टबीच्या या जॉनने आणखी एक गोष्ट केली. त्याच्या पुढच्या पिढीसाठी वूलस्थॉर्पला शंभर एकरांहून मोठे शेत विकत घेतले गेले. त्यातली साठ एकर नांगरटीची होती. हे शेत रिचर्ड या मुलाला मिळाले. थोरल्याला सगळे देऊन धाकट्यांना वाऱ्यावर सोडण्याची पद्धत इंग्लंडच्या सरदार घराण्यांत रूढ होती. या शेतकरी घराने तसे केले नाही. जमेल तशी जमीन घेत प्रत्येक मुलाला उभे केले. त्यातूनच घराण्याच्या शाखा आजूबाजूच्या गावांत पसरल्या. रिचर्ड वूलस्थॉर्पला आला आणि १५८८ साली वारला. तो शास्त्रज्ञ न्यूटनचा पणजोबा.

रिचर्डचा मुलगा रॉबर्ट. याने १६२३ साली वूलस्थॉर्पचे मॅनरच विकत घेतले. उत्पन्न बेताचेच होते, पण त्याबरोबर आलेला मान मोठा होता. ज्याच्या पूर्वजाने शंभर वर्षांपूर्वी किमान कर भरला होता, तो आता कागदोपत्री एका मॅनरचा धनी झाला. कोल्स्टरवर्थ भागातल्या मध्यम प्रतीच्या चुनखडी दगडात बांधलेले करड्या रंगाचे ते घर आजही उभे आहे आणि न्यूटनचे जन्मस्थान म्हणून लोक ते पाहायला जातात.

डिसेंबर १६३९मध्ये रॉबर्टने वूलस्थॉर्पची सगळी मालमत्ता आयझॅक या आपल्या मुलाच्या आणि त्याची वाग्दत्त वधू हॅना अ‍ॅस्क्यू हिच्या नावे करून दिली. १६४१च्या शरद ऋतूत रॉबर्ट वारला, एप्रिल १६४२मध्ये लग्न झाले आणि ऑक्टोबरमध्ये नवराही गेला.

आता त्या शेजाऱ्यांच्या यादीकडे येऊ. मृत आयझॅक न्यूटनच्या जंगम मालाची त्यांनी केलेली एकूण किंमत ४५९ पौंड १२ शिलिंग ४ पेन्स अशी भरते. मेंढ्या २३४. त्या भागातला सरासरी कळप सुमारे ३५ मेंढ्यांचा होता, म्हणजे हा जवळजवळ सातपट. गाईबैल धरून मोठी जनावरे ४६. कोठारात माल्ट, ओट, धान्य आणि सुके गवत मिळून सुमारे १४० पौंडांचे. सुगी नुकतीच संपलेली होती, त्यामुळे कोठारे भरलेली असणारच.

या आकड्यांवर थोडे थांबायला हवे. एवढ्या मेंढ्या कशासाठी? लोकरीसाठी हे खरेच. पण लिंकनशायरच्या त्या चुनखडीच्या माळावर जमिनीचा थर पातळ आणि हलका आहे. दिवसा मेंढ्या माळावर चरत आणि रात्री त्यांना नांगरटीच्या शेतात कोंडून ठेवत, म्हणजे लेंडी-मूत तिथेच पडे आणि खुरांनी जमीनही दाबली जाई. आपल्याकडे धनगराच्या मेंढ्या शेतात बसवतात, त्यातलाच हा प्रकार. त्या खतावर बार्ली पिके आणि बार्लीपासून माल्ट होई. म्हणून मेंढ्यांचा आकडा आणि कोठारातला माल्ट या यादीतल्या दोन सुट्या नोंदी नाहीत. पहिलीवर दुसरी अवलंबून आहे. आणि हा सगळा माल ज्याचा, त्याला सही येत नव्हती. सही येत नसली तरी त्याचा व्यवहार अडला नाही. किंबहुना सायमनपासून इथपर्यंतची चढण या घराण्याने लेखणीशिवायच चढली होती.

मग लेखणी आली कुठून? हॅना अ‍ॅस्क्यू हिच्या माहेराहून.

हॅना ही रटलंड परगण्यातल्या मार्केट ओव्हर्टनच्या जेम्स अ‍ॅस्क्यू यांची मुलगी. हे कुटुंब योमन नव्हते, जंटलमन होते. दर्जा वरचा, पण न्यूटन घराण्याइतकी भरभराट असेलच असे नाही. लग्नात तिने स्यूस्टर्न येथील जमीन आणली, वर्षाला सुमारे ५० पौंड उत्पन्नाची. एका बाजूला चढत जाणारी संपत्ती आणि दुसऱ्या बाजूला जुना दर्जा, असा तो संबंध होता. मॅनर विकत घेतले नसते तर तो जुळला असता का, याची मला शंका वाटते. खुद्द हॅना फारशी शिकलेली नव्हती. तिने १६६५ साली मुलाला लिहिलेले एक पत्र शिल्लक आहे आणि त्यातले लेखन अडखळते आहे. पण तिचा भाऊ विल्यम केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला होता आणि कोल्स्टरवर्थच्या जवळच बर्टन कॉगल्स या गावी रेक्टर, म्हणजे चर्चचा मुख्य धर्मोपदेशक होता. मुलाने शाळेत जायचे, हे अ‍ॅस्क्यू घरात वेगळे ठरवावे लागत नव्हते.

न्यूटन तीन वर्षांचा असताना, १६४६च्या जानेवारीत, हॅनाने दुसरे लग्न केले. नवरा बार्नबस स्मिथ, शेजारच्या नॉर्थ विदमचा रेक्टर, वयाने साठी ओलांडलेला आणि चांगला श्रीमंत. ती त्याच्या घरी गेली आणि मुलगा वूलस्थॉर्पला आजीकडे राहिला. ही आजी आईची आई, मार्जरी अ‍ॅस्क्यू. म्हणजे घर न्यूटनांचे, पण वाढवणारे हात अ‍ॅस्क्यूंचे. या ताटातुटीने मुलाच्या मनावर काय परिणाम झाला, याची चर्चा चरित्रकारांनी पुष्कळ केली आहे. पण शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर त्याची सात वर्षे लिहित्या-वाचत्या कुटुंबाच्या छायेत गेली.

सावत्र बापाकडूनही एक वारसा आला. १६५३ साली स्मिथ वारला. त्याची दोन-तीनशे धर्मविषयक पुस्तके न्यूटनकडे आली आणि त्यांबरोबर एक भलीमोठी कोरी वही. स्मिथने १६१२ साली त्या वहीत धर्मशास्त्रातले विषय वर मथळ्यासारखे लिहून ठेवले होते, खाली टिपणे काढायची म्हणून. टिपणे फारशी झालीच नाहीत. कागद तेव्हा महाग होता. पुढे न्यूटनने केंब्रिजला ही वही नेली, तिला ‘वेस्ट बुक’ म्हटले आणि गतिशास्त्र आणि कलनशास्त्र यांवरचे आपले सुरुवातीचे काम त्या रिकाम्या पानांवर केले. ती वही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

पण मेंढ्यांनी त्याला इतक्या सहज सोडले नाही. ग्रँथमच्या शाळेत शिकत असलेल्या या मुलाला आईने १६५९ साली घरी बोलावले. वय सतराच्या आसपास, थोरला मुलगा, शेती त्याची. त्याने ती सांभाळावी, असा साधा हिशेब. त्यानंतर काय झाले ते कोल्स्टरवर्थच्या मॅनर न्यायालयाच्या दफ्तरात आहे. २८ ऑक्टोबर १६५९ रोजी आयझॅक न्यूटनला तीन दंड झाले. मेंढ्या दुसऱ्यांच्या शेतांच्या तुकड्यांत घुसू दिल्याबद्दल ३ शिलिंग ४ पेन्स. डुकरे उभ्या पिकात जाऊ दिल्याबद्दल १ शिलिंग. कुंपण मोडके ठेवल्याबद्दल आणखी १ शिलिंग. पहिला दंडच ४० पेन्सचा, म्हणजे सायमनने १५२४ साली भरलेल्या कराच्या दहापट! न्यूटन झाडाखाली पुस्तक वाचत बसायचा आणि जनावरे मोकाट सुटायची, अशा गोष्टी पुढे लोक सांगत. अशा आठवणी थोर झालेल्या माणसाबद्दल नंतर तयारही होतात. पण दंडाची नोंद तो कोणी नसताना झालेली आहे.

मामा विल्यम अ‍ॅस्क्यू आणि ग्रँथमचे मुख्याध्यापक हेन्री स्टोक्स या दोघांनी आईचे मन वळवले. स्टोक्स यांनी बाहेरगावच्या मुलाकडून घ्यायची ४० शिलिंगांची फी माफ करण्याची तयारी दाखवली. मुलगा शाळेत परतला आणि जून १६६१मध्ये केंब्रिजला गेला. तिथे त्याचे नाव ‘सबसायझर’ म्हणून लागले, म्हणजे श्रीमंत विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची कामे करून शिकणारा. आई तोवर चांगली सधन विधवा होती. ‘गरीब शेतकऱ्याचा मुलगा’ हा समज कदाचित इथूनच आला असावा. गरिबी घरात नव्हती. शिक्षणावर किती खर्च करायचा या विचारात होती.

वेस्टफॉल यांनी यावरून एक तर्क केला आहे. वडील जगले असते तर मुलगा कदाचित शाळेत गेलाच नसता, आणखी एक सधन निरक्षर योमन होऊन वूलस्थॉर्पलाच राहिला असता. वडिलांच्या बाजूच्या त्या घरांत मुलांना शिकवण्याची रीत दिसत नाही. मला हा तर्क बराचसा पटतो, पण त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जे घडले नाही त्याची चाचणी घेता येत नाही, आणि आपल्यापुढे उदाहरण एकच आहे. शिवाय वडिलांनीच तर अ‍ॅस्क्यू घरात सोयरीक केली होती. बायकोच्या माहेरचे वारे त्यांनाही लागले असते. मात्र एक गोष्ट कागदांवरून ठामपणे म्हणता येते. वडिलांकडच्या कुळात न्यूटन हा पहिल्या पिढीचा विद्यार्थी होता, आणि त्याला शाळेत टिकवण्यासाठी एक मामा आणि एक शिक्षक यांना त्याच्या घरी जाऊन वाद घालावा लागला.

आता मघाच्या ‘बहुधा’कडे. वंशावळ ही साखळी असते आणि तिच्या सगळ्या कड्या सारख्या बळकट नसतात. थोरला आयझॅक हा रॉबर्टचा मुलगा, ही कडी भक्कम आहे, कारण १६३९चा मालमत्तेचा दस्त तसे सांगतो. धाकट्या आयझॅकची कडी चर्चच्या वहीत आहे. मागे जावे तसा पुरावा पातळ होतो. सायमन आणि जॉन यांचे नाते कोणी लिहून ठेवलेले नाही. गाव एक, आडनाव एक, एक नाव दिसेनासे होते आणि दुसरे दिसू लागते, यावरून बाप-लेक ठरवले आहेत. अनुमान वाजवी आहे, पण ते अनुमान आहे. त्यात या घराण्याला जॉन, रिचर्ड, रॉबर्ट ही तीन-चार नावेच आवडत. एकाच वेळी दोन जॉन असले की कोणता जॉन कोणाचा, हे मृत्युपत्रातल्या उल्लेखांवरूनच सोडवावे लागते.

तारखांचाही एक सापळा आहे. विद्यार्थ्यांना तो जरूर दाखवावा. कोल्स्टरवर्थच्या नोंदवहीत न्यूटनच्या बाप्तिस्म्याची तारीख १ जानेवारी आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्या पद्धतीने ही १६४२ सालचीच जानेवारी. आजच्या सवयीने ती वाचली तर बाप्तिस्मा आधी, मग आईवडिलांचे लग्न, मग वडिलांचा मृत्यू आणि सर्वांत शेवटी जन्म, असा विचित्र क्रम लागतो! डिसेंबर १६४२नंतर येणारी जानेवारी असे समजले की सगळे सुरळीत होते. शिवाय इंग्लंडने युरोपातली सुधारलेली कालगणना १७५२पर्यंत स्वीकारली नव्हती. म्हणून न्यूटनचा जन्म इंग्रजी पंचांगाने २५ डिसेंबर १६४२ आणि नव्या पंचांगाने ४ जानेवारी १६४३. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसतात, त्या दोन्ही बरोबर आहेत.

खुद्द न्यूटनलाही आपली वंशावळ शोधावी लागली होती. एप्रिल १७०५मध्ये राणी ॲनने त्याला ‘सर’ केले. त्या वर्षी त्याने कुलचिन्हांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेपुढे वेस्टबीच्या जॉन न्यूटनपासूनची वंशावळ मांडली. दोन आडव्या नडगीच्या हाडांचे कुलचिन्ह तो वापरत असे. पण मन तेवढ्यावर स्थिर राहिले नाही. उतारवयात त्याने एडिंबरोचे गणिताचे प्राध्यापक जेम्स ग्रेगरी यांना सांगितले म्हणे, की आपण मूळचे स्कॉटलंडचे. पहिल्या जेम्स राजाबरोबर आलेल्या एका खानदानी माणसाचे वंशज. ही आठवण ग्रेगरींच्या नातलगांमार्फत पुढे आली आणि डेव्हिड ब्रूस्टर याने एकोणिसाव्या शतकात ती छापली. ती खरी असेल तर न्यूटनचे म्हणणे टिकत नाही. जेम्स इंग्लंडला आला १६०३ साली. वेस्टबीत न्यूटन त्याच्या ७९ वर्षे आधी कर भरत होते. जगातल्या प्रत्येक कणाच्या आकर्षणाचा हिशेब मांडणाऱ्या माणसालाही ४ पेन्सचा पूर्वज पुरेसा वाटला नसावा.

आणखी एक साधे गणित. प्रत्येक पिढीमागे पूर्वजांची संख्या दुप्पट होते : आईवडील २, आजीआजोबा ४, मग ८, १६, ३२, ६४. दोन्ही जॉन स्वतंत्र पिढ्या धरल्या तर सायमन हा न्यूटनच्या सहाव्या पिढीवरचा, म्हणजे ६४ पूर्वजांपैकी एक. उरलेल्या ६३ जणांपैकी बहुतेकांची नावेही आपण घेत नाही. आडनाव बापाकडून येते म्हणून आपण त्या एकाच दोरीला ‘घराणे’ म्हणतो. हॅनाची आई मार्जरी अर्ध्या चरित्रांत नावापुरती येते, पण न्यूटनच्या देहात तिचा वाटा सायमनच्या सोळापट, आणि वाढवण्याचा हिशेब तर वेगळाच.

हा बापाकडचा धागा मात्र कायद्याला फार प्रिय होता. मार्च १७२७मध्ये न्यूटन मृत्युपत्र न करता वारला. लग्न केलेले नव्हते. सुमारे ३२ हजार पौंडांची रोकड आणि जंगम मालमत्ता आईच्या दुसऱ्या लग्नाच्या नातवंडांना, म्हणजे सावत्र भाऊबहिणींच्या आठ मुलांना मिळाली. जमीन मात्र त्यांना मिळू शकत नव्हती. सावत्र रक्ताला जमिनीचा वारसा नाही, असा इंग्लंडचा कायदा तेव्हा होता आणि तो १८३३पर्यंत टिकला. त्यामुळे वूलस्थॉर्पसाठी पुन्हा एकदा वंशावळ काढावी लागली आणि ती न्यूटनच्या एका काकाच्या वंशातल्या जॉन न्यूटनपाशी येऊन थांबली. हा जॉन दारू आणि कोंबड्यांच्या झुंजी यांत रमणारा होता. त्याच्या हाती मॅनर सहा वर्षेही राहिले नाही. १७३३ साली ते टर्नर घराण्याने विकत घेतले. रॉबर्टने ते घेतल्याला तेव्हा ११० वर्षे झाली होती.